राखीव केबल मुख्य केबलच्याच चरात असल्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
वरझडी केबल तोडफोड प्रकरण,
मुक्काम धुळे.

अर्जदार : भाईदास रुपचंद बडगुजर, केबल निरीक्षक, पारोळा.

विषय : वरझडी नाल्याजवळील राखीव केबलचा नकाशा खोटा असल्याबाबत, तो मीच काढला असल्याबाबत, व आरोपी भिकन पुना कोळी याने एकच खड्डा खणल्याबाबत.

संदर्भ : १) दि. २१ नोव्हेंबर १९९६ रोजीचा केबलबिघाड. २) त्याच बिघाडाचा मी सादर केलेला दुरुस्ती अहवाल. ३) आपला चौकशी अहवाल, परिच्छेद ७.

महोदय,

१. वरील विषयी सविनय सादर करतो की, आपल्या अहवालाच्या परिच्छेद ७ मध्ये असे नमूद आहे : मुख्य केबल व राखीव केबल यांच्यात नकाशाप्रमाणे दोनशे दहा मीटर अंतर आहे, दोन्ही केबली एकाच दिवशी दुपारी तीन ते चारच्या दरम्यान तुटल्या, जेसीबीच्या एका घावात दोनशे दहा मीटरवरची केबल तुटणे अशक्य आहे, सबब यंत्रचालक भिकन कोळी याने दुसऱ्या ठिकाणी जाऊन हेतुपुरस्सर दुसरा खड्डा खणला. महोदय, आपला हिशेब बिनचूक आहे. फक्त ज्या नकाशावरून तो केला, तो नकाशा खरा नाही.

२. मुख्य केबल सन १९८८ मध्ये रस्त्याच्या कडेने टाकण्यात आली. ती कधी तुटली तर तालुक्याचे फोन बंद पडू नयेत म्हणून सन १९९१ मध्ये राखीव केबल मंजूर झाली. ती वेगळ्या वाटेने न्यावी असा लेखी आदेश होता, व तेवढ्यासाठीच तो खर्च होता. वरझडीजवळ ती नाल्याच्या पलीकडून, गावाच्या मागून न्यावयाची होती. तिथे सहाशे चाळीस मीटर काळा पाषाण लागला. सुरुंगाची परवानगी, मग फोडकाम, असे बारा-तेरा दिवस गेले असते. दि. १६ मे रोजी माझ्या मेहुण्याचे पहूर येथे लग्न होते. मंडळी आधीच माहेरी गेली होती. मला हळदीला पोचावयाचे होते. कारण एवढेच आहे. यापेक्षा मोठे कारण सांगता आले असते तर मला बरे वाटले असते.

३. मी मजुरांना मुख्य केबलचा जुना चर उघडावयास सांगितले. तिथली माती भुसभुशीत होती. आमचे मुकादम उखर्डू सोनवणे यांना लिहिता-वाचता येत नाही. ते फावडे थांबवून म्हणाले, "भाऊ, दोन्ही एकच चरमा टाकाना का? एक तुटनी ते दुसरी बी तुटी जाई ना." मी त्यांना म्हणालो, "कागदवर येगळी शे ना, मंग झायं." ते पुन्हा कामाला लागले. दीड दिवसात सहाशे चाळीस मीटर झाले. त्या संध्याकाळी मी पारोळ्याच्या कचेरीत बसून नाल्यापलीकडून लाल शाईची रेघ ओढली. त्या नकाशावर पुढे वरिष्ठांच्या दोन सह्या झाल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सह्या केल्या; त्यांचा यात दोष नाही. लग्नाला मी वेळेवर पोचलो.

४. राखीव मार्गाच्या कार्यक्षमतेबद्दल दर सहा महिन्यांनी अहवाल पाठवावा लागतो. तपासणी अशी असते की, दूरध्वनी केंद्रातून मुख्य केबल तासभर बंद करून सर्व कॉल राखीव केबलवर फिरवावयाचे व किती कॉल पार पडले ते लिहावयाचे. सन १९९१ पासून मी असे अकरा अहवाल पाठविले. प्रत्येकात कार्यक्षमता शंभर टक्के आहे, व महोदय, एकही आकडा खोटा नाही. केंद्रात बटण दाबून मुख्य केबल बंद केली की राखीव केबल उत्तम चालते. जमिनीत मुख्य केबलवर घाव पडला तर राखीव उरेल काय, हे त्या तपासणीत विचारलेलेच नाही. मला उत्तर माहीत होते आणि प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून मी पाच वर्षे निर्धास्त सही करीत राहिलो. पहिल्या दोन अहवालांच्या वेळी हात जरा अडखळला होता. पुढे तेही राहिले नाही.

५. दि. २१ नोव्हेंबर रोजी भिकन कोळी हा पाणीपुरवठ्याच्या पाइपासाठी ठेकेदाराच्या सांगण्यावरून खोदत होता. ठेकेदाराने त्याला केबलची खूण दाखविलेली नव्हती. बकेट एकदा खाली गेली, काहीतरी अडकले, त्याने यंत्र मागे घेतले. तेवढ्यात कड ढासळून खड्डा मातीने भरला. तो खाली उतरून रस्त्यावर उभा राहिला व येणाऱ्या पहिल्या मोटारसायकलवाल्याच्या हाती केंद्रात निरोप धाडला. ज्याला मुद्दाम तोडावयाचे असते तो असे करीत नाही, हे मला त्याच वेळी कळले होते. एकतीस तास तालुक्याचे फोन बंद होते. ग्रामीण रुग्णालयाने रक्ताची बाटली मागविण्यासाठी माणूस एस. टी. ने धुळ्यास पाठविला. केळीचे ट्रक भाव न कळल्याने रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

६. आता मी जो दुसरा अपराध सांगतो तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. पहिला आळसाने झाला, दुसरा शुद्धीवर राहून केला. जॉइंटर रजेवर होता. मी पूर्वी स्वतः सांधेकाम केलेले असल्याने मीच खड्ड्यात उतरलो. माती उपसली तेव्हा दोन्ही केबलींची तुटलेली टोके एकमेकांना लागून पडलेली होती. हाताखाली वरझडीचे दोन मजूर होते. त्यांना केबलींतला फरक कळण्याचे कारण नव्हते. उखर्डूनाना तोवर काम सोडून घरी बसलेले होते. मी दोन्ही सांधे त्या एकाच खड्ड्यात केले, आणि दुरुस्ती अहवालात 'ठिकाण अ' व 'ठिकाण ब' असे लिहिले. आपल्या परिच्छेद ७ मधला दुसरा खड्डा भिकनने खणलेला नाही. तो मी त्या कागदावर खणला आहे.

७. भिकनला आठ दिवसांनी अटक झाली. अकरा दिवस तो कोठडीत होता. जामिनावर सुटला, पण ठेकेदाराने कामावरून काढले व परवाना जमा झाला. मी डिसेंबरात एकदा आपल्या कचेरीत येऊन हे तोंडी सांगण्याचा प्रयत्न केला. आपल्या हाताखालच्या गृहस्थांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बडगुजर, तुम्ही म्हणता तसं असेल तर नकाशावरच्या तिन्ही सह्या खोट्या ठरतात. तीन सह्या खऱ्या की एक ड्रायव्हर खरा? घरी जा, थकलाय तुम्ही." मी घरी गेलो. येताना एस. टी. त मला हलके वाटत होते, हे इथे लिहिणे भाग आहे.

८. दि. २६ जानेवारी रोजी, एकतीस तासांत दळणवळण सुरू केल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र देण्यात आले. टाळ्या झाल्या. कार्यक्रम संपल्यावर फाटकाशी भिकन उभा होता. तो माझ्यासाठीच जळगावहून आला होता. मला म्हणाला, "साहेब, खड्ड्यात तुम्ही उतरला होतात. तुम्हाला दुसरा खड्डा दिसला का?" मी म्हणालो, "प्रकरण न्यायालयात आहे, मला बोलता येणार नाही." तो "बरं" म्हणाला व निघून गेला. ते प्रशस्तिपत्र मी सोबत परत करीत आहे.

९. त्यानंतर पाच दिवसांनी मी त्याच्या पिंप्राळ्याच्या घरी गेलो. तो हमालीला गेलेला होता. त्याची पत्नी सुमनबाई हिने मला खुर्ची दिली, पाणी दिले. मी खात्यातून आलो म्हटल्यावर तिला वाटले, मी काही चांगली बातमी आणली. ती म्हणाली, "साहेब, त्यांना तेवढं पटवून द्या. जेवताना मधेच हात थांबतो. मला विचारतात, मी दुसरीकडे गेलो असेन का गं? मी काय सांगू? मी तिथे नव्हते." मी चहा घेतला आणि काहीही न सांगता उठलो. रिक्षाच्या थांब्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. दारात उभा राहून तिला सर्व सांगितले. ती रागावेल, ओरडेल, असे मला वाटले होते. तिने फक्त विचारले, "तुम्ही हे त्यांना सांगाल? का मी सांगायचं?"

१०. म्हणून दि. ९ फेब्रुवारी, रविवार रोजी मी वरझडीस चर उघडला. खात्याच्या परवानगीशिवाय खात्याच्या केबलवर खोदकाम केले, हा वेगळा अपराध समजावा. जुन्या सांध्यापासून पंधरा मीटर पश्चिमेस, जिथे केबली कधी तुटल्याच नाहीत, ती जागा निवडली. उखर्डूनाना वयाने थकले आहेत, तरी आले. "दुसरा कोनी खंदी ते केबलले लागी," म्हणाले, आणि शेवटचा हातभर त्यांनीच खोदला. सरपंच व पोलीस पाटील काठावर होते. वर राखीव, खाली मुख्य, मध्ये नऊ इंच. टेप लावून मोजले, पंचनाम्यावर सह्या झाल्या.

११. भिकन आला होता. तो खड्ड्यात उतरला, आणि त्याने दोन केबलींमध्ये आपली वीत ठेवून पाहिली. वीत बरोबर बसली. हात तसाच ठेवून तो मला म्हणाला, "भाऊ, कोठडीमा पोलीस रोज सांगेत, तू दोनदा खंदं. माले बी वाटाले लागनं व्हतं, मी दोनदाच खंदं व्हई. मना मनवरना भरोसा उडी गयथा." मग तो खाली बसला व बराच वेळ रडला. मला एकही शब्द वाकडा बोलला नाही. तो बोलला असता तर मला हा अर्ज लिहिणे सोपे गेले असते. आजवर मी समजत होतो की मी त्याची नोकरी घालविली. नोकरी पुन्हा मिळेल. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले त्याला खोटे वाटू लागले, हे मी कशाने भरून देणार?

१२. सबब विनंती की,

(अ) माझे वरील निवेदन कबुलीजबाब म्हणून नोंदवून माझ्याविरुद्ध रीतसर कारवाई व्हावी. माझी सव्वीस वर्षांची सेवा विचारात घेऊ नये. यातली पाच वर्षे ती लाल रेघ लपविण्यात गेली आहेत.

(आ) राखीव मार्गांची तपासणी यापुढे केंद्रात बटण दाबून न करता वाटेने चालत जाऊन, ठिकठिकाणी खोदून करावी. माझ्यासारखी लाल रेघ आणखी कोणी ओढली असेल तर ती शंभर टक्क्यांच्या अहवालात दिसणार नाही.

(इ) येत्या ३ मार्चच्या तारखेपूर्वी परिच्छेद ७ मागे घ्यावा व न्यायालयास तसे कळवावे. मी साक्षीस हजर राहीन. तसेच भिकन पुना कोळी याच्या नावे, त्याच्या पिंप्राळ्याच्या पत्त्यावर, खात्याचे पत्र जावे. त्या पत्रात 'पुराव्याअभावी' किंवा 'संशयाचा फायदा' असे शब्द नसावेत. 'तुम्ही एकच खड्डा खणला होता' असे एक वाक्य असावे, आणि खाली सही असावी.

चौकशीस केव्हाही हजर राहण्यास तयार असलेला,

(सही)
भाईदास रुपचंद बडगुजर
केबल निरीक्षक
पारोळा, दि. ११ फेब्रुवारी १९९७

सोबत :
१) पंचनामा, चार सह्यांसह.
२) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत.
३) उखर्डू सोनवणे यांचे निवेदन, अंगठ्यासह.
४) वरझडी भागाचा नकाशा, दुरुस्त केलेला.