सबक आला की सुट्टी

रहिमतपूर, बुधवार

वडिलांच्या जागी असलेल्या खालूजानना तरन्नुमचा अदबीने सलाम.

तब्येत कशी आहे? साखर उतरली का? खालाजान अजून चोरून शिरखुर्मा खाऊ देतात का? (देत असतील, तर मी विचारलंच नाही.) फोनवर तुम्ही नुसतं "हां, हां" करता, म्हणून हे पत्र.

तुमच्या शिफारशीने इथल्या मकतबात मुलांना अरबी वाचन शिकवायला मला घेतलं. पहिल्याच दिवशी मी छडी कपाटावर टाकली (तुमच्या छडीबद्दल आदर आहेच, माझ्या तळहातांना जरा जास्तच). नियम एकच केला : त्या दिवसाचा सबक न चुकता म्हणून दाखवला की लगेच घरी. पोरं अशी पेटली म्हणता! दिवस मावळून मगरिबची अजान व्हायच्या कितीतरी आधी बहुतेक सगळी क्रिकेटला पसार. अडलेल्या चौघांना मी जवळ बसवून पुन्हा शिकवायची, आणि कंटाळू नयेत म्हणून मधूनमधून माशाने गिळलेल्या हजरत युनूसची गोष्ट सांगायची, इतकंच.

सोमवारी घात झाला. मकतबचा कारभार पाहणारे जमातीचे सदर दस्तगीरचाचा तपासायला आले, तेही नेमके मगरिबच्या तोंडावर. हुशार पोरं केव्हाच गेलेली. समोर उरले चौघे, आणि त्यांत चाचांचा सख्खा नातू अरमान. एकाच ओळीवर तो पुन:पुन्हा अडखळला. चाचांनी रिकाम्या चटया पाहिल्या, नातू पाहिला, मग मला पाहिलं. "आवं आपा, छडीबिगर इल्म कवा आला व्हय? शुक्कारी जमातीम्होरं पोरं म्हणू द्यात. न्हाईतर आमी दुसरा उस्ताद बगतो." घरी येऊन मी चक्क रडले, खालूजान. हे काम मला मनापासून आवडतं.

खालाजानना सलाम, धाकट्यांना दुवा.

तुमची भाची,
तरन्नुम

ता. क. : तो दुसरा उस्ताद म्हणजे तुम्ही. चाचा उद्याच इस्लामपूरला तुमच्याकडे निघालेत, म्हणून हे पत्र पहाटेच्या एसटीने पाठवतेय. हात जोडते, त्यांना नाही म्हणा.

आणखी ता. क. : पाकीट बंद करता करता उघडलं. आज अरमानने माझ्या कानात अख्खा सबक घडाघडा म्हणून दाखवला. मग परवा काय झालं होतं रे, म्हणून विचारलं, तर म्हणतो, "आला म्हणलं की तुमी घरी लावताय. माशाच्या पोटात फुडं काय झालं, ते कसं कळायचं?" ही अक्कल त्याने मकतबभर वाटलेली दिसते. आज मगरिबपर्यंत सगळीच्या सगळी पोरं माझ्यासमोर ठाण मांडून बसली होती. सबक एकालाही आला नाही, आणि परवा शुक्रवार.