तळोज्याची अंडी आणि मी

सोम, ३ मार्च
आजपासून वही. मी भरत, आठवी नापास, पण आता तळोज्याच्या लॅबमध्ये हेल्पर. काम उंदरांचे पिंजरे धुणं. ३१ तारखेला हेतल मॅडम एका हेल्परला असिस्टंट म्हणून कायम करणार. मीच. किनवटला आईला फोन करून सांगितलं, झालोच म्हणून.
संकल्प: रोज पाच इंग्रजी शब्द.

मंगळ, ४ मार्च
मॅडमचं संशोधन समजून घेतलं. उंदरीच्या अंड्याची पेशी विभागते तेव्हा आत धाग्यांची चाती बनते. तिला स्पिंडल म्हणतात. सायक्लिन नावाचं प्रोटीन वाढलं की चाती बनते, घटलं की धागे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढतात. मॅडम ते कमी करून बघतायत, चाती बनते का. म्हणजे सायक्लिन मुकादम. असं म्हणालो तर मॅडम हसल्या, म्हणाल्या बरोब्बर.
आता राहिलंय काय?

मंगळ, ११ मार्च
इंग्रजी शब्द, एकूण चार. तळोज्याच्या केमिकलच्या वासात डोकं चालत नाही. वॉचमन काशीरामदादा म्हणाले, तू सायंटिस झालास तं मी कंपनीचा मालक हाय. जळतात.

शुक्र, २१ मार्च, दुपारी १.१०
लाइट गेली. इन्व्हर्टर टूंटूं करून गप्प. मॅडम बेलापूरला मीटिंगमध्ये, फोन उचलत नाहीत. इन्क्युबेटरमध्ये अंड्यांची डिश, आत ३७ डिग्री! रोडपालीत अंड्यांच्या होलसेलला दोन वर्षं काढलीत मी. अंडं उकाड्यात नासतं. डिश फ्रिजमध्ये ठेवली, तो बंद असला तरी आत गार होता. असिस्टंट पक्का.

संध्याकाळी ६
मॅडमनी मायक्रोस्कोपमधून दाखवलं. चाती नाही. गुणसूत्रं सांडलेल्या तिळासारखी. म्हणाल्या, थंडीत धागे विरघळतात. प्रोटीन कमी केलं म्हणून चाती बनली नाही, की फ्रिजमुळे मोडली, आता कसं कळणार? आठ महिन्यांचं काम होतं.
मी म्हणालो, पण ताजी आहेत.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनि, २२ मार्च
चूक लाइटवाल्यांची. आईचा फोन. वाडीत पेढे वाटले म्हणाली.

सोम, ३१ मार्च
कायम दुसरा हेल्पर प्रणित झाला, बारावी सायन्सवाला. माझं काँट्रॅक्ट संपलं. मॅडम पहिल्या उंदरीपासून पुन्हा सुरू करणार. म्हणालो, मी फुकट थांबतो. म्हणाल्या, नको रे. शेवटचं काम दिलं, फ्रिजवर लावायचा कागद: ‘जिवंत अंडी आत ठेवू नयेत.’ लिहिला. म्हणाल्या, अक्षर छान आहे.
गेटवर आयकार्ड जमा केलं. काशीरामदादांनी आज चिडवलं नाही. जेवलास का रं, एवढंच विचारलं.