लाल गाडीचा ब्रेक

झरी, १२ ऑगस्ट २०२४

चि. येडबास,
वहिनीचे, पार्वतीचे, अनेक आशीर्वाद.

तुझी काबरी शेळी व्याली. दोन्ही करडं आपल्या काकासारखी हट्टी, आईलाच ढुशा देतात. पत्र मी स्वतः लिहिते आहे. गाडीचे पार्ट गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवर अक्षरं गिरवली, ती कामी आली.

काल लाल गाडीवरची ताडपत्री काढली. माणिकरावाने भंगारात दिलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार तुम्ही भावांनी खपून चालू केली. इंजिनाचा आवाज गावात गेला, तसा तो परत मागायला आला. तुझे दादा स्टिअरिंग सोडेनात. जॅकच्या दांड्याने त्याने आधी ह्यांची बोटं फोडली, मग ब्रेकवरचा पाय, मग डोकं. मी मध्ये पडले, तर मला केसाला धरून पत्र्यावर आपटलं. सीटच्या शिवणीतलं रक्त सोड्यानेही निघत नाही.

तू त्याचा हात मोडून आत गेलास आणि तो जामिनावर बाहेर हिंडतो. मला गाडी पुरी करायची आहे. काच बसवली. पायावरच्या त्या घावात ब्रेकचं पॅडल तुटलं, तसं कुठे मिळेना. काय करू ते कळव.

जीव सांभाळ.
तुझी वहिनी

परभणी कारागृह, २५ ऑगस्ट

ती. स्व. वहिनीस,
येडबाचा शि. सा. न. वि. वि.

सुटलेल्या एका माणसाच्या हाती हे पत्र देतो आहे, जेलच्या साहेबांनी वाचलेलं नाही.

करडांचं वाचून हसलो. परवा एकजण म्हणाला, तुझा भाऊ लय शहाणा, भंगारापायी मेला. त्याचे दोन दात पाडले. माझी भुवई फाटली, काळजी करू नका.

पॅडल सितारामदादा लोहाराकडून ठोकून घ्या. वीतभर लांब, खाली चार बोटं रुंद. साधं लोखंड नको. ते वाकलं तर गाडी थांबायची नाही. जुनं पोलाद हवं.

त्याच खेपेला आपल्या घरातली दादाची कुऱ्हाड पाजवून आणा. महिनाभरात माझा जामीन होईल. माणिकरावाला दुसरा घाव लागू नये, अशी धार हवी.

मी कसाही असलो तरी लोभ असू द्या.
येडबा

झरी, १४ सप्टेंबर

चि. येडबास, अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तशी कुऱ्हाड घेऊन गेले. सितारामभावजींनी विचारलं, कशासाठी. मी खरं सांगितलं. ते हातोडा ठेवून खालीच बसले. मग मी त्यांना तुझ्या पत्रातलं पॅडलचं वाचून दाखवलं. जुनं पोलाद हवं, असं तूच लिहिलंस. त्या कुऱ्हाडीहून जुनं पोलाद आपल्या घरात नाही. मामंजींनी त्याच कुऱ्हाडीने लांडगा तोडला होता.

पातं लाल झालं तेव्हा मी घण मागितला. भावजी म्हणाले, खांदा निखळेल. तरी मारला. प्रत्येक घावाला माणिकरावाचं तोंड दिसत होतं. नाक, दात, कवटी, सगळं फोडलं. तळहात सोलले, ओठ चावून रक्त आलं. तुझ्या मनात आहे ते माझ्याही मनात आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिते. थांबले तेव्हा तो जिवंतच होता आणि हे मेलेलेच. पातं तेवढं चपटं झालं होतं.

कुऱ्हाडीचं नेढं, दांडा बसायचं भोक, पॅडलला तसंच ठेवलं. पॅडल ज्यावर हलतं ती कांब त्यातून बरोबर जाते.

आता घरात कुऱ्हाड नाही. एकाची राख मी येलदरीला पूर्णेत सोडली. दुसऱ्याची सोडणार नाही.

रागावलास तरी पत्र टाक.
तुझी वहिनी

परभणी कारागृह, २३ सप्टेंबर

ती. स्व. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून भिंतीवर बुक्क्या मारल्या. दोन बोटं मोडली, म्हणून शेजारचा लिहितो आहे. तुम्ही दादाची कुऱ्हाड मोडलीत. जेवलो नाही. तुम्हाला शिव्या दिल्या, त्या इथे लिहवत नाहीत.

आज जामीन झाला, गुरुवारी सुटतो. माणिकरावाचं घर फाट्यावरच आहे. मी एसटीतून फाट्यावर उतरणार नाही, पुढे उतरून मागच्या वाटेने घरी येईन.

एक विचारायचं राहिलं. नेढ्यात ग्रीस भरलं का? कोरडं दाबलं तर पोलाद पोलादाला खाईल. मी येईपर्यंत पॅडलवर कोणाचा पाय पडू देऊ नका. पहिल्यांदा मी दाबणार.

घरात घ्याल, एवढा लोभ ठेवा.
येडबा