तीनशे बाराची फेरी

२ जून

आले एकदाची! हॉटेलातली नोकरी, पण ना झाडू ना भांडी. खुर्चीत बसायचं आणि बघायचं. जन्मभर खिडकीतून शेजाऱ्यांवर नजर ठेवली, तेव्हा सगळे नावं ठेवायचे; आता तोच गुण कामाला आला. तळमजल्यावर धुतलेल्या चादरींच्या खोलीला लागून कॅमेरा रूम आहे. सोळा स्क्रीन, एक फिरती खुर्ची आणि एक फेरीची जाड वही. वहीची मागची पानं कोरी आहेत, तिथेच ही रोजनिशी लिहायची ठरवलीय.

मॅनेजर नाकात बोलतात, पण माणूस सभ्य वाटला. त्यांनी सगळं नीट समजावलं. कॅमेरे फक्त पॅसेजमध्ये, खोल्यांत नाहीत. आपल्या दाराशी कोण येतं-जातं ते कोणी बघू नये असं एखाद्या पाहुण्याला वाटलं, तर स्क्रीनवर त्या दारावर काळा चौकोन लावायचा. त्याच्याआड काही दिसत नाही आणि रेकॉर्डही होत नाही. मी त्याला लगेच ‘ठिगळ’ नाव ठेवलं. मॅनेजर हसले.

फक्त एक नियम आहे. ज्या दारावर ठिगळ, तिथे रोज दुपारी चारला कॅमेरावाल्याने स्वतः जायचं, पाहुणा धड आहे ना ते बघायचं आणि वहीत सही करायची. आधीच्या माणसाने पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून ठेवलंय, ‘फेरी चुकवू नये’. खाली तीन रेघा ओढल्यात. एवढ्यासाठी तीन रेघा कशाला, कोण जाणे.

५ जून

आज चिमणी आली. माझी धाकटी बहीण, नाव वेगळं असलं तरी मी तिला चिमणेच म्हणते. दोन पिशव्या आणि डाव्या हाताची तीन बोटं बांधलेली. नवऱ्याने दारात चेमटवली. मेल्याचे हात झडोत! तो तिला शोधतोय.

तिला दुसऱ्या नावाने तीनशे बारामध्ये ठेवलं आणि दारावर ठिगळ लावलं. मॅनेजरांनी एका शब्दाने विचारलं नाही, हेच मला खटकलं. चिमणीला बजावलं, की माझ्याशिवाय कोणालाही दार उघडायचं नाही.

फेरी मात्र मी मारणार नाही. आमची दोघींची नाकं एक, आणि तिचा नवरा मला चांगला ओळखतो. माझ्या मागोमाग थेट तिच्या दाराशी पोचेल. चार वाजता बसल्या जागी सही ठोकून दिली. कोणाचं काय बिघडतंय?

८ जून

काहीतरी शिजतंय.

इथल्या प्रत्येक कुलपात नोंद राहते, कोणतं कार्ड कधी लागलं त्याची. सहज चाळली. तीनशे बारा: पाच तारखेला चार वाजता, सहा तारखेला चार वाजता, सात तारखेला चार वाजता. कार्ड माझं! ते तर सदान्‌कदा माझ्या गळ्यात असतं, आणि चारला मी खुर्चीतून हललेली नाही.

मॅनेजरांनीच दुसरं कार्ड बनवलं असणार. त्या दिवशी फार सहज हसले. की तिच्या नवऱ्याने कोणाला तरी फितवलं? आज चारला तिसऱ्या मजल्याच्या स्क्रीनवरून डोळा हलवला नाही. पॅसेजमध्ये चिटपाखरू फिरकलं नाही. लिफ्ट बंद, जिना रिकामा.

नोंद झाली. चार वाजता. माझं कार्ड.

९ जून

चिमणीला फोन केला. कोण येतं म्हणून आडून विचारलं. ती हसली, कितीतरी महिन्यांनी. म्हणाली, तूच तर येतेस. कॉटच्या कडेला बसतेस, पट्टी बदलतेस, बोलत मात्र नाहीस. माझ्यावर रागावलीस का ताई, असं विचारत होती.

ती मी नव्हे, हे सांगायला तोंड उघडलं आणि समोर एक नंबरच्या स्क्रीनवर दिसलं: फाटकासमोर गाडी, गाडीत तिचा नवरा. सांगितलं तर ही घाबरून बाहेर पळणार, सरळ त्याच्या हातात.

म्हटलं, नाही गं, रागावले नाही.

चुकलं का माझं?

१० जून

पावणेचारला ठिगळ काढलं.

चार. दाराशी बाई. आली कुठून — पॅसेजमधून नाही — आधीपासून तिथेच. माझा करडा गणवेश. माझा अंबाडा. पाठमोरी. कार्ड लावलं, आत गेली.

वही उघडली. आजची सही झालेली. माझ्याच वळणाची. मी केलेली नाही —

मी चुकवलेल्या फेऱ्या कोणीतरी मारतंय.

१० जून, चार वाजून सात

तीनशे बाराच्या दाराशी. वही हातातच राहिली. माझ्या कार्डाला लाल दिवा. पुन्हा लाल. टकटक केलं. कोण, तिने विचारलं. मी म्हटलं, ताई.

पावलं दारापर्यंत आली. मग अगदी दारामागून:

“ताई तर आत बसलीय. तुम्हाला ह्यांनी पाठवलंय ना?”

नाही गं, मी — हाक मारतेय — चिमणे —

आणि आतून माझा आवाज. पहिल्यांदाच बोलली ती.

“उघडू नकोस, चिमणे. ये इकडे.”

पावलं मागे गेली. दारापासून दूर. तिच्याजव —