डब्यांवरची नावं

प्रिय बाईसाहेब,

आधी दोन शब्द ताईंसाठी. ताई, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, तेव्हा तुमच्या बहिणीच्या नवऱ्याची एक विनंती आहे. जिथे माझी फजिती आहे तिथे सावकाश वाचा, आणि जिथे तुमचं नाव येईल ती ओळ गाळू नका. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही तिला फुलासारखं सांभाळताय. पण ऑपरेशननंतर चार दिवस विश्रांतीला म्हणून तुमच्याकडे आलेली माझी बायको परत यायचं नाव घेत नाही, आणि कारण विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही. फोनवर नुसतं ‘बघू’ म्हणते.

तर बाईसाहेब, बातमी अशी की मी घर आवरायला काढलंय. हसू नकोस. तुझी नजर जायला लागली तेव्हापासून दवाखान्याच्या खेपा, डोळ्यांतली औषधं, पहिलं ऑपरेशन, मग दुसरं, यात घराचं पार ताळतंत्र सुटलं. तुझी ती संध्याकाळची फेरी बंद पडली. टोपली घेऊन बाहेरच्या खोलीतून निघायचीस आणि माझे ब्रश, माझा चष्मा, चहाचे कप, सगळं उचलत उचलत स्वयंपाकघरापर्यंत जायचीस, तोंडाने माझा उद्धार चालूच. मला वाटायचं, बाईसाहेबांना हौस आहे. घर त्या फेरीवर चाललं होतं हे आता कळतंय. धुतलेले कपडे दिवसा पलंगावर, झोपताना खुर्चीवर, सकाळी पुन्हा पलंगावर. एकदा चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि आळस म्हणून तसाच प्यायलो.

एका रविवारी चेव आला आणि सगळी कपाटं एकदमच रिकामी केली. दुपारी त्या ढिगाऱ्यातच पाय ठेवण्यापुरती जागा करून झोपलो. उठल्यावर रडावंसं वाटलं. मग तुझी पद्धत आठवली. तू एक फळी घ्यायचीस आणि ती लागल्याशिवाय दुसरीकडे बघायचीही नाहीस. चहाच्या फळीपासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विस्कटली, पुन्हा लावली. मधे ताप आला तेव्हा आठवडाभर सगळा पसारा तसाच पडून राहिला, आणि वाटलं, जाऊ दे, आपल्याच्याने व्हायचं नाही. बरं वाटल्यावर परत चहाच्या फळीपाशी जाऊन उभा राहिलो. असं करत करत हाताला वळण लागलंय. आता ओटा रिकामा झाल्याशिवाय चहाचं आधण ठेवत नाही.

आता फजिती. डबे घासूनपुसून लागल्यावर माझ्यातला पेंटर जागा झाला. दुकानांच्या पाट्यांना काढतो तशी झोकदार अक्षरं प्रत्येक डब्यावर काढली. साखर, मीठ, तांदूळ, सोडा. ‘साखर’ला तर सोनेरी सावली दिली. लांब उभं राहून बघितलं आणि मनात म्हटलं, बाईसाहेब आल्या की बघतच राहतील. हे मनात आलं आणि हातातला ब्रश तसाच राहिला. मग मी ओट्याला टेकून खाली बसलो आणि आवाज करून रडलो. तुला आता दिसणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी चारचौघांना सांगत होतो, पण खरं कळलं ते त्या वेळी.

डब्यांवरची अक्षरं पुसली नाहीत. राहू देत, मला उपयोगी पडतात. तुझ्या शिवणाच्या डब्यातून बटणं काढली. साखरेच्या डब्याच्या कडीला कोटाचं मोठं बटण बांधलंय, मिठाला शर्टाचं छोटं, तांदळाला दोन बटणं एकत्र, आणि सोड्याला हूक. गाठी माझ्या आहेत, तेव्हा तुझ्या दृष्टीने गबाळ्या असणार. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेस, तुझ्या बोटांना बटण ओळखायला डोळे कशाला लागतात?

एवढं झाल्यावर शेखी मिरवत घराची परीक्षा घ्यायची ठरवली. डोळ्यांना टॉवेल बांधला आणि दारापासून मोरीपर्यंत निघालो. चार पावलंही गेलो नसेन, माझ्याच शिडीत पाय अडकून आडवा झालो. नडगी चांगलीच सोलून निघाली. ती चोळत बसलो असताना तुझ्या नडगीवरचा निळा डाग आठवला. तू इथून निघालीस त्याच आठवड्यातला. टेबल लागलं म्हणाली होतीस आणि मी मानलं होतं. पण टेबलाचा कोपरा नडगीला लागत नाही गं, मांडीला लागतो. नडगीच्या उंचीवर या घरात फक्त माझे रंगाचे डबे असतात. आणि निघायच्या आधी तू भिंतीला हात लावून, पाय घासत घासत चालायचीस. मला वाटलं, अंधाराची सवय करतेयस.

ताई, पुढचं तिच्या जवळ बसून वाचा. मी लिहायला बसलो ते याचसाठी, फोनवर हे बोलताना मला रडू फुटलं असतं. बाईसाहेब, ताईंनी मला कळवलंय, तू माझ्यावर ओझं होशील म्हणून येत नाहीस असं तू त्यांना सांगितलंस. ते खोटं आहे. तुला घरात चालायची भीती वाटते, आणि ती माझ्यामुळे वाटते. मला वाईट वाटेल म्हणून तू आपलं घरच सोडून बसलीस. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण त्याने मी मरत नाही. शिडी, रंगाचे डबे, ब्रश सगळं जिन्याखालच्या कपाटात कुलपात गेलंय, आणि दारापासून मोरीपर्यंत मी रोज टॉवेल बांधून चालतो. काल कुठेच अडखळलो नाही. रविवारी सकाळी तुला न्यायला येतोय. हाताला धरून सांभाळायला नव्हे. तुझ्याच घरात तू कुणाचाही हात न धरता, पाय उचलून चालावंस, म्हणून.

तुझाच,
पेंटर