गनिमाला चारलेली धूळ

ती. बाबा,
कोबेहून क्षिप्राचा साष्टांग नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. काल शेजारच्या मोरिताआजींना तुमचा ऐतिहासिक सिनेमा दाखवला. काय रुबाब हो तुमचा घोड्यावर! आजींनी टाळ्या वाजवल्या. "गनिमाला धूळ चारीन!" हा तुमचा डायलॉग मी जपानीत शब्दशः सांगितला, शत्रूला धूळ खाऊ घालीन म्हणून.

"कुठली धूळ?" आजींनी विचारलं. वाळवंटात, अणुचाचणीच्या जागेजवळ शूटिंग झालं, असं मी कौतुकानं सांगून बसले. लहानपणी त्या हिरोशिमात होत्या, हे विसरलेच.

आजी हळूच म्हणाल्या, "मग बाबांच्याही पोटात गेली असेल ना?"

खोकला कसा आहे? आईला उगाच घाबरवू नका. पण डॉक्टरांना नुसता खोकला सांगू नका, शूटिंगची जागाही सांगा.

तुमच्या घोडदौडीची पहिली चाहती,
क्षिप्रा