ट्रॉलीत फाटलेलं लुगडं

माय, तुज्या पायावर डोकं ठेवतो.

पेटीतलं तुजं जरीचं लुगडं मीच चोरलं. कारखान्यावर बाईचं सोंग काढून मुकादमाला गमतीनं फसवायचं ठरवलं व्हतं.

पण ट्रॉलीत दादाची छबू सारखी कडंच्या फळीवर चढायची, म्हनून लुगड्याचं एक टोक तिच्या कमरंला आन् दुसरं माज्या कमरंला बांधलं. मांजरसुंब्याच्या घाटात दणका बसला, तशी पोरगी बाहेर लोंबकळली. वढून घेतली तर म्हनती, "काका, आनखी एकदा." दादा पुढं ट्रॅक्टरवर व्हता, आन् वैनी तोंडावर पदर घेऊन झोपली व्हती.

आता ऱ्हायला पाचटाची कोपी बांधलीय. छबू भाकर मागून खाती, लई मजेत हाय. छावणीत आपल्या गाईला चारा मिळतो का?

लुगडं मधीच फाटलंय. पण दादा-वैनीला सांगू नको, न्हाईतर उसाच्या फडात जाताना पोरगी माज्याजवळ ठिवणार न्हाईत. हे पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरालाबी शपथ घाल.

तुजा गहिनी